होकाराचा हिशेब

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असे म्हणायची रीत आहे. ही भाषा ठाऊक नसलेला एखादा प्रगणक हातात तक्ता घेऊन आपल्या दारात उभा राहिला, तर निघालेल्या माणसाने परतण्याचा मानस व्यक्त केल्याचे तो नोंदवील आणि त्या घरात बांगड्यांची वृद्धी झाली असेही लिहून टाकील. त्याच्या नोंदीत एकही शब्द खोटा नसेल, आणि तरी सगळी नोंद चुकीची असेल. व्यंजना शिकवताना हे उदाहरण वर्गात हमखास हशा मिळवते. परंतु शब्द खरा आणि नोंद चुकीची, हा प्रकार विनोदापुरता राहिलेला नाही. गेल्या शतकात माणसांचे वर्तन बदलण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखले गेले, त्यांतील एका मोठ्या, दीर्घ आणि (हे आवर्जून सांगितले पाहिजे) सद्हेतूने केलेल्या प्रयोगाची कहाणी बऱ्याच अंशी एका 'हो'च्या वाचनाची कहाणी आहे.

पंजाबात लुधियाना जिल्ह्यात, ग्रँड ट्रंक रस्त्यावर खन्ना नावाचे धान्यबाजाराचे गाव आहे. त्याच्या परिसरातील खेड्यांत १९५३ ते १९६० या काळात जो अभ्यास झाला, तो 'खन्ना अभ्यास' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय, लुधियानाचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा आणि भारत सरकारचे सहकार्य, असा हा संसार होता. साथरोगशास्त्राचे प्राध्यापक जॉन गॉर्डन आणि भारतात वैद्यकीय सेवा केलेले डॉक्टर जॉन वायन हे त्याचे प्रमुख. लोकसंख्यावाढीकडे साथीच्या रोगाकडे पाहावे तसे पाहता येईल, म्हणजे तिचे मोजमाप करता येईल, कारणे शोधता येतील आणि उपाय योजून परिणाम पुन्हा मोजता येईल, अशी ही कल्पना होती. कल्पना धाडसी होती यात शंका नाही. मात्र साथ पसरली की रोगी स्वतःच वैद्याकडे धाव घेतो. इथे रोगी कोण, हे वैद्याने ठरवले होते.

१९५३ हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे गेले आणि १९२७ पासून त्यांनी जिद्दीने चालवलेले 'समाजस्वास्थ्य' थांबले. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी गणिताची प्राध्यापकी गमावली आणि पुढे खटलेही सोसले. दोन्ही प्रयत्नांचा विषय एक, दिशा मात्र उलटी. 'समाजस्वास्थ्य'चा वाचक स्वतः पत्र लिहून विचारत असे आणि कर्वे उत्तर देत. खन्नाच्या खेड्यांत विचारणारा बाहेरून आला होता आणि उत्तर गावकऱ्यांनी द्यायचे होते. पहिल्या प्रकारात किती जणांपर्यंत पोहोचलो हे सांगणे कठीण, पण विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे याची खात्री असते. दुसऱ्या प्रकारात संख्या मिळते, खात्री मात्र मिळत नाही.

या प्रयोगाला एक लहानशी पूर्वपीठिकाही आहे. १९५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे 'सुरक्षित काळा'ची पद्धत शिकवण्याचा प्रयोग झाला. अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन त्याचे मार्गदर्शक होते. दिवस मोजणे सोपे जावे म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. प्रयोग फसला. माळेची हकीकत पुढे थट्टेचा विषय झाली, आणि त्या थट्टेत हसू नेहमी त्या बायकांनाच आले. रोज एक मणी सरकवला की पतीची इच्छाही सरकेल, असे गृहीत धरणाऱ्यांना कोणी हसल्याचे आढळत नाही.

खन्नाची योजना याहून पुष्कळ काटेकोर होती. प्रत्यक्ष प्रयोगासाठी सात गावे, सुमारे ८००० वस्ती. तुलनेसाठी आणखी काही गावे. कार्यकर्ते दर महिन्याला घरोघर जात. मासिक पाळी, गर्भ, जन्म, मृत्यू, आजार अशी विचारपूस होई आणि सगळे लिहून ठेवले जाई. संततिनियमनाच्या निरनिराळ्या पद्धती लोकांसमोर ठेवल्या गेल्या. त्यांत फेसाळणाऱ्या गोळ्यांना पसंती मिळाली, म्हणजे त्या घेतल्या गेल्या. इंग्रजी अहवालांतल्या ज्या शब्दाला आपण 'स्वीकार' म्हणू, तो या साऱ्या लेखनाचा कणा आहे. गोळी घेणारे जोडपे 'स्वीकारणारे' ठरे. हात पुढे झाला, गोळी हातात पडली, रकान्यात खूण झाली. यापुढे दार बंद होते, आणि बंद दारामागचे कळण्यासाठी पुन्हा त्याच जोडप्याला विचारावे लागे: वापरता का? उत्तर येई, हो.

जन्मदरावर मात्र या 'हो'चा अपेक्षित परिणाम दिसेना. १९६९ मध्ये संशोधक पुन्हा गेले, तेव्हा जन्मदर काहीसा उतरलेला आढळला. पण त्याचे मोठे श्रेय मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली होती, याला द्यावे लागले. ती गोष्ट कोणी वाटलेली नव्हती. वायन आणि गॉर्डन यांचा ग्रंथ १९७१ मध्ये हार्वर्डकडून प्रसिद्ध झाला. तो आजही प्रामाणिक वाटतो, कारण अपयश त्यात दडवलेले नाही.

त्याच सुमारास महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यांतल्याच मनुपूर या गावी जाऊन राहिला. जन्म मुंबईचा, वाढला युगांडात, पुढे डॉक्टरेट हार्वर्डचीच. त्याचे 'द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल' १९७२ मध्ये आले. त्याने गावकऱ्यांना विचारले ते असे, की तुम्ही गोळ्या घेतल्यात, मग वापरल्या का नाहीत? मिळालेल्या उत्तरांचा आशय ज्याला खेड्यातील पाहुणचार माहीत आहे त्याला नवा नाही. इतक्या दुरून आलेली भली माणसे. त्यांना नाही कसे म्हणायचे, आणि गोळ्या नुसत्या घेण्याने बिघडते काय? एका घरात तर गोळ्यांच्या डब्या रचून शोभेची वस्तू केलेली त्याने पाहिली. माझ्या लेखी संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका दस्तऐवज तोच. गोळी स्वीकारली गेली होती, जपूनही ठेवली होती. फक्त तिचा अर्थ गावाने आपल्यापुरता नवा लावला होता.

ममदानी इथे थांबत नाही. कुटुंब लहान का नको, याचा हिशेब तो मांडतो. जाट शेतकऱ्याला मुलगे म्हणजे घरचे मजूर. भूमिहीनाला मुलगे म्हणजे मजुरीचे आणखी हात आणि म्हातारपणाची सोय. पाणी भरणाऱ्या एका माणसाला पूर्वी बजावले होते की मुले वाढली तर दारिद्र्य वाढेल. पुढे त्याने ऐकवले की मुलांच्या कमाईवरच तो आता स्वस्थ बसला आहे. संशोधकांना जे अज्ञान वाटले तो ममदानीच्या मते परिस्थितीने शिकवलेला व्यवहार होता. लोक दरिद्री आहेत ते मुले जास्त म्हणून नव्हे. दरिद्री आहेत म्हणून मुले जास्त हवीत.

हे वाचन इतके समर्थ आहे की अनेकांनी तेच अखेरचे मानले. मलाही विद्यार्थिदशेत तसे वाटले होते. परंतु मोनी नाग आणि नीरज काक यांनी १९८२ मध्ये त्याच मनुपूरचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचा लेख १९८४ चा. तोवर शेतीत यंत्रे आली होती, मुले शेतात कमी आणि शाळेत जास्त जात होती, मुलांच्या श्रमाचे मोल उतरले होते, आणि संततिनियमन करणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण बरेच वाढले होते. गाव तेच, माणसेही पुष्कळशी तीच. ममदानीच्या कारणमीमांसेला यातून एका परीने पुष्टीच मिळते, कारण परिस्थिती बदलली तसे वर्तन बदलले. पण त्याच्या पुस्तकाच्या स्वरात जो ठामपणा आहे तो सैल होतो. आणखी एक प्रश्न उरतोच. ममदानीशी बोलणारे प्रामुख्याने पुरुष दिसतात. मुलगे हवेत हा हिशेब घराच्या कर्त्याचा. ज्या शरीरावर तो हिशेब चालवला जाई, तिचे म्हणणे पहिल्या अहवालात पाळीच्या तारखांपुरते आहे आणि दुसऱ्या पुस्तकात त्याहून फारसे वेगळे नाही.

खन्नाच्या अपयशातून धोरणकर्त्यांनी काय घेतले? लोकांना विचारण्याची रीत टिकली. 'ज्ञान, दृष्टिकोन, आचरण' अशा तीन रकान्यांच्या पाहण्या १९६० च्या दशकात देशोदेशी झाल्या. पसंती सांगणारे पुष्कळ आणि वापरणारे थोडे, हे त्यांत वारंवार दिसे. या अंतराचा अर्थ प्रश्नच चुकला असा कोणी क्वचितच लावला. मागणी आहे, पुरवठा आणि प्रचार वाढवा, असा बहुधा लावला. भारतात त्यावर उद्दिष्टांचे ओझे चढले. जिल्ह्याला आकडा, तालुक्याला आकडा, शिक्षकाला आणि तलाठ्यालाही आकडा. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचे होते, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. मनुपूरच्या माणसाला निदान खोटा होकार देण्याची मुभा होती. उद्दिष्टांची ती पद्धत देशभरात अधिकृतपणे मागे घेतली गेली १९९६ मध्ये.

याच काळात मूल्यमापनाचे स्वतंत्र शास्त्र तयार होत होते. अमेरिकी विकास संस्थेसाठी १९६९ च्या सुमारास 'तार्किक चौकट' आखली गेली: सोळा घरांचा तक्ता, उभ्या क्रमाने साधने, निष्पत्ती, हेतू आणि ध्येय, तर शेवटचा रकाना गृहीतकांचा. तक्त्याची टिंगल करण्याचा मोह साहित्यवाल्यांना होतो. पण तो शेवटचा रकाना मला महत्त्वाचा वाटतो. खन्नाच्या वेळी तो असता, तर 'लोकांना मुले कमी हवी आहेत' हे वाक्य कोणाला तरी त्यात लिहावे लागले असते. प्रत्यक्षात हा रकाना सर्वांत घाईने भरला जातो. (आमच्याकडे विद्यार्थ्यांची अभिप्राय-प्रपत्रे येतात, त्यांतही सगळीकडे 'उत्तम'वर खूण असते. परीक्षेआधी भरून घेतलेल्या त्या 'उत्तम'चे काय करायचे, हे मला अद्याप उमगलेले नाही.)

२००१ मध्ये कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने सारा अर्ल, फ्रेड कार्डन आणि टेरी स्म्युटिलो यांची निराळी रीत प्रसिद्ध केली. शेवटी किती जन्म टळले, किती उत्पन्न वाढले, याचे श्रेय कोणा एका कार्यक्रमाने घेऊ नये; ज्या माणसांशी आपला थेट संबंध येतो, त्यांच्या वागण्यात आणि परस्परसंबंधांत काय बदलले ते पाहावे, हे तिचे सूत्र. त्यासाठी तिने खुणांच्या तीन पायऱ्या सांगितल्या: निदान एवढे दिसावे, दिसले तर बरे, आणि दिसले तर फारच आनंद. दात्यांना ही रीत अडचणीची वाटते, कारण तिच्यातून एक आकडा निघत नाही.

खन्नासाठी आज कोणी अशा खुणा लिहायला बसले, तर पहिल्याच पायरीवर 'एखादे कुटुंब दारातूनच गोळ्या परत करते' असे लिहावे लागेल. तशी नोंद झाली असती तर सात वर्षांतले पहिले वर्ष फुकट गेले नसते. त्या वह्या मात्र सगळ्या फुकट गेल्या नाहीत. दर महिन्याच्या फेऱ्यांत लेकरांच्या आजारांचीही विचारपूस होत असे. अंगावरचे दूध कमी होऊन वरचे अन्न सुरू होते त्या वयात जुलाबाने मुले कशी दगावतात, कुपोषण आणि जुलाब एकमेकांना कसे वाढवतात, हे या नोंदींतून उलगडले, आणि १९६३ मध्ये गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलेला लेख बालआरोग्याच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला. अभ्यासाचा तो मुख्य हेतू नव्हता. मला वाटते, आजारी मुलाबद्दल विचारले तेव्हा त्या आईला पाहुण्याचे मन राखण्याचे कारणच नव्हते.