मिरची आली, हातांची आग आली



मिरची आपल्या चुलीशी जन्मापासूनची आहे, असं आपल्याला वाटतं. पण पूर्वीच्या बायका तिखटासाठी मिरीच वाटत. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली. मिरीवरूनच तिचं नाव मिरची पडलं.

तिच्याबरोबर हातांची आगही आली. देठं खुडणं, कांडणं, चाळणं सगळं बायकांच्याच हाती. पुढे कांडप यंत्र आलं, मुसळ सुटलं. देठं मात्र आपणच खुडतो. गेल्या उन्हाळ्यात मसाल्याची ऑर्डर होती. आमच्या गटातली एक ताई रात्रभर हात पाण्यात घालून बसली. तान्ह्या लेकराला जवळ घेता येईना.

पाण्यानं आग का जात नाही? १८७६ साली थ्रेश या इंग्रज संशोधकानं मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याला कॅप्सेसिन नाव दिलं. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नसांमधल्या चटका ओळखणाऱ्या ग्राहकालाच ते चेतवतं, हे १९९७ मध्ये कळलं. म्हणून हात भाजल्यासारखा वाटतो.

म्हणजे खुडण्याआधी हाताला तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्या बरोबरच होत्या. आता आम्ही रबरी हातमोजे घालतो. तरी आग झालीच, तर तेल चोळून पुसतो, मग साबणानं धुतो. गरम पाणी नको, डोळ्यांना हात नको.

आणि हातमोज्यांचा खर्च आम्ही मसाल्याच्या भावात धरतो. मिरचीचा हिशेब होतो, तसा हातांचाही व्हायला हवा.