चक्रवाकाची ब्राह्मणी कशी झाली

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर नाववाला हलक्या आवाजात म्हणाला, “ब्राह्मणी बघा.” नावेतले निम्मे आभाळात बघायला लागले, निम्मे पाण्याकडे. चूक कुणाचीच नव्हती. ब्राह्मणी घार आहे, ब्राह्मणी बदक आहे आणि भांगपाडी मैनेलाही ब्राह्मणी मैना म्हणतात. तिघींत नातं म्हणाल तर पंखांपुरतं.

त्याला दाखवायचं होतं ते बदक. चिखलाच्या बेटावर जोडी उभी होती. अंग भगवं, डोकं फिकट बदामी. विणीच्या दिवसांत नराच्या गळ्यात बारीक काळी कंठीही येते, पण तोवर ही जोडी आपल्याकडून लडाख-तिबेटकडे निघून गेलेली असते. या भगव्या रंगावरूनच इंग्रजी अमदानीत तिला ब्राह्मणाचं नाव चिकटलं. खरं तर भगवं नेसतो तो संन्यासी. भटजींचं धोतर पांढरं. पण साहेबाला सांगणार कोण?

आपल्याकडे या पक्ष्याला नाव नव्हतं असं थोडंच आहे! हाच तो चक्रवाक. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात अश्विनीकुमारांना चक्रवाकांच्या जोडीची उपमा दिली आहे. पुढे काव्यात संकेत रुजला, की रात्र झाली की नदीच्या दोन तीरांवर या जोडीची ताटातूट व्हायची. ज्ञानेश्वरांनी तर सोळाव्या अध्यायात बुद्धी आणि बोध यांनाच चक्रवाकांची जोडी केलं. मधली नदी भेदाची, आणि सूर्य सद्गुरूंचा. उत्तरेत हीच जोडी चकवा-चकवी, आणि फारसी वळणाने सुरखाब.

1764 साली पालास या शास्त्रज्ञाने लॅटिन नाव दिलं ते गंजलेल्या लोखंडाच्या रंगावरून, फेरुजिनिया. सध्याच्या इंग्रजी याद्यांत तो ‘रडी शेलडक’ असतो. यातला ‘शेल्ड’ म्हणजे बांडा. हा पक्षी तर अंगभर एकरंगी! बांडेपण त्याच्या पांढऱ्या-काळ्या चुलतभावाचं, नाव मात्र सगळ्या भावकीला.

परतताना पाणगवतातून आणखी एक जोडी सरकत आली. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक, आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन लाल टिकल्या. नाववाला म्हणाला, “हळदीकुंकू.” या वेळी आभाळात कुणीच बघितलं नाही.