हंटरचा प्रश्न आणि सरहद्दीवरील ‘धर्मवेडे’

दि. २० सप्टेंबर १८७१ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर स्थानापन्न सरन्यायाधीश जॉन पॅक्स्टन नॉर्मन ह्याच्यावर अब्दुल्ला नावाच्या इसमाने सुऱ्याने वार केले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याच वर्षी विल्यम विल्सन हंटर ह्याचे ‘दि इंडियन मुसलमान्स’ हे पुस्तक निघाले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्याला पडलेला प्रश्नच त्याचे उपशीर्षक झाला होता : राणीविरुद्ध बंड करणे मुसलमानांना धर्मतः बंधनकारक आहे काय? हिंसेचे मूळ धर्माज्ञेत शोधावे, की राज्यकर्त्यांच्या धोरणात, हा वाद तेव्हापासून ह्याच मांडणीत अडकून पडला.

हंटरने ज्यांना बंडखोर म्हटले, त्यांची परंपरा रायबरेलीच्या सय्यद अहमद ह्यांच्यापासून सुरू होते. १८०३ मध्ये जनरल लेकने शिंद्यांकडून दिल्ली घेतली. त्यानंतर शाह अब्दुल अझीझ ह्यांनी कंपनीच्या अमलाखालील मुलुखाला ‘दारुल्हर्ब’ ठरविणारा फतवा दिला. सय्यद अहमद हे त्यांचेच शिष्य. १८२६ मध्ये ते अनुयायांसह सरहद्दीकडे निघाले आणि ६ मे १८३१ रोजी बालाकोट येथे शिखांशी लढताना मारले गेले. ह्या प्रवासातच त्यांचा ग्वाल्हेर दरबाराशी संबंध आला. दौलतराव शिंद्यांचे मेहुणे हिंदुराव घाटगे ह्यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात, दूरदेशीचे व्यापारी राज्यकर्ते होऊन बसले, अशी तक्रार आहे. एका मराठा हिंदू सरदाराकडे ती करणाऱ्याच्या मनात केवळ धर्मयुद्ध होते, असे म्हणणे कठीण आहे. उलट, त्याला निव्वळ राजकीय पुरुष ठरविणेही त्याच्या संपूर्ण जीवनाशी विसंगत होईल.

सय्यद अहमद शिखांशी लढत होते तोवर कंपनी सरकारने त्यांच्या माणसांना वा पैशाला आडकाठी केली नाही. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि शिखांच्या जागी इंग्रज आले. सितानाची छावणी तीच राहिली, तिची शिकवणही बदलली नाही. बदलला तो शेजारी. कालपर्यंत दुर्लक्षिलेली ही मंडळी आता सरकारी कागदांत ‘हिंदुस्थानी धर्मवेडे’ म्हणून नोंदली जाऊ लागली. ‘वहाबी’ हा शब्दही असाच बाहेरून चिकटविलेला. अनुयायी स्वतःला ‘तरीका-ए-मुहम्मदिया’चे म्हणवीत. नाव ठेवणाऱ्याने कारणमीमांसाही नावातच उरकून घेतली होती.

१८६३ ची अंबेला मोहीम ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. नेव्हिल चेंबरलेन ह्याचे सैन्य मलका येथील छावणीवर जाण्यासाठी अंबेला खिंडीत शिरले. बुनेरचे लोक स्वातच्या अखुंदाला मानणारे. अखुंदाचा ह्या वहाबी म्हटल्या जाणाऱ्यांशी धार्मिक मतभेद होता. तरीही आपल्या मुलुखावर आक्रमण होत आहे, ह्या समजुतीने बुनेरवाल शस्त्र घेऊन उठले आणि अखुंदही त्यांना मिळाला. काही दिवसांत आटोपणारी मोहीम डिसेंबरपर्यंत रेंगाळली. इंग्रजांच्या बाजूचे मृत व जखमी मिळून सुमारे नऊशेवर गेले. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि बुनेरवालांच्याच साहाय्याने मलका जाळण्यात आली. पंथभेद सैन्याच्या चालीने मिटले होते. सैन्य परतण्याची खात्री पटताच ते पुन्हा उपयोगी पडले.

मात्र धोरणाच्या चुकांवर सारा भार टाकणाऱ्यांना पाटण्याच्या जाळ्याचे उत्तर द्यावे लागते. बंगालमधील घरोघरी जेवणाच्या वेळी माणसागणिक मूठभर तांदूळ बाजूला काढला जाई, असे हंटर सांगतो. असा पैसा शेकडो कोस दूर सरहद्दीवर वर्षानुवर्षे पोचत होता. १८६४ च्या अंबाला खटल्यात ह्या व्यवहाराची सांकेतिक भाषा उजेडात आली. लढाई म्हणजे ‘मुकदमा’, परमेश्वर म्हणजे ‘मुखत्यार’. सोन्याच्या मोहरा कधी माणके, कधी तांबडे पक्षी, तर कधी दिल्लीचे जरीचे जोडे होत. कोर्टकचेरी आणि बाजारपेठ ह्यांतूनच ही परिभाषा उचललेली दिसते. ती वापरणारे कोणी रानटी टोळीवाले नव्हते. व्यापारी आणि अर्जनवीस होते, इंग्रजी अमलाची यंत्रणा आतून जाणणारे होते. मुहम्मद जाफर थानेसरी हा त्यांपैकीच एक. त्याला व त्याच्या साथीदारांना झालेली फाशीची शिक्षा पुढे जन्मठेप काळ्या पाण्यात बदलली गेली. हुतात्मा होण्याच्या आनंदात असलेल्यांना तो आनंद द्यावयाचा नव्हता. अशी श्रद्धा कोणत्याही गाऱ्हाण्याच्या यादीतून निष्पन्न होत नाही.

हंटरला ह्या दोन्ही गोष्टी दिसल्या होत्या, पण त्यांची सांगड त्याला घालता आली नाही. पहिली तीन प्रकरणे त्याने बंडखोर छावणी, कट आणि फतवे ह्यांना दिली. चौथे मुसलमानांवरील अन्यायांना. इनाम जमिनी सरकारजमा होणे, १८३७ मध्ये फारसी कचेऱ्यांतून जाणे, नोकऱ्या आटणे ही त्याची कारणे खरी आहेत. परंतु नोकरी गमावलेला मुनशी आणि मूठभर तांदूळ देणारा शेतकरी ही दोन वेगळी माणसे आहेत, हे तो विसरतो. सय्यद अहमद खान ह्यांनी आपल्या परीक्षणात नेमके ह्यावरच बोट ठेवले : बंगालची स्थिती साऱ्या हिंदुस्थानावर लादली गेली होती. अर्थात सरहद्दीची चळवळ केवळ शिखांविरुद्ध होती, हे त्यांचे म्हणणेही तितकेच सोयीचे होते. संशयाखाली असलेल्या समाजाला त्या वेळी त्याची गरज होती.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात शेर अली ह्या आफ्रिदी बंदिवानाने मेयोचा खून केला. संशय तत्काळ वहाबींवर गेला, पुरावा मात्र मिळाला नाही. मोठे खटले तोवर संपले होते. पाटण्याचे जाळे मोडले होते. छावणी टिकली. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये लाहोरच्या महाविद्यालयांतील पंधरा विद्यार्थी सरहद्द ओलांडून तेथे दाखल झाले.