'ग्रीन ओपन होम्स' म्हणजे काय? लोक आपलं घर अनोळखी माणसांना का दाखवतात?

ठरलेल्या शनिवारी-रविवारी घरमालक दार उघडतो. नाव नोंदवून आलेली अनोळखी मंडळी आत येतात, माळ्यावर डोकावतात, खिडक्यांच्या काचा न्याहाळतात आणि थेट वीजबिलाचा आकडा विचारतात. कमी ऊर्जेत चालणारी घरं अशी लोकांना दाखवण्याच्या उपक्रमाला ब्रिटनमध्ये 'ग्रीन ओपन होम्स' म्हणतात.

सुरुवात कशी झाली?

१९८६ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात 'एनर्जी वर्ल्ड' हे प्रदर्शन भरलं. त्यात कमी ऊर्जा वापरणारी ५१ घरं लोकांना पाहायला मिळाली. पण ती सगळी नवी होती आणि खरा प्रश्न जुन्या, गळक्या, थंडगार घरांचा होता. पुढे ब्रिटनमध्ये 'सुपरहोम्स' हे जाळं उभं राहिलं. त्यात जुनंच घर सुधारून कार्बन उत्सर्जन किमान ६० टक्के कमी केलेल्यांना जागा मिळते. ऑस्ट्रेलियात २००१ पासून 'सस्टेनेबल हाऊस डे' होतो. जर्मनीतल्या डार्मस्टॅटमध्ये १९९१ मध्ये पहिलं 'पॅसिव्ह हाऊस' उभं राहिलं. तशा घरांचे मालकही ठरावीक दिवशी दारं उघडतात. या घरांना उबेसाठी वर्षाला प्रति चौरस मीटर जास्तीत जास्त १५ युनिट ऊर्जा लागावी, असा निकष आहे.

जाऊन बघायचं कशाला?

कारण महत्त्वाच्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. इन्सुलेशन भिंतीच्या आत असतं. हीट पंप एक युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो हे वाचून कळतं, पण त्याचा आवाज किती येतो हे शेजारी उभं राहिल्यावरच समजतं.

दुसरं कारण विश्वासाचं. विक्रेता फायदे सांगतो. खर्च केलेला माणूस काय फसलं तेही सांगतो. उदाहरणार्थ, घराच्या फटी बुजवल्या पण हवा खेळती ठेवली नाही, तर भिंतींना ओल धरते आणि बुरशी येते. हे आधी कळलं तर मोठा खर्च वाया जात नाही.

मर्यादा काय?

घर दाखवणारे बहुतेक जण हौशी असतात आणि घर त्यांच्या मालकीचं असतं. भाडेकरूला भिंती बदलता येत नाहीत. शिवाय नुसता बचतीचा आकडा ऐकू नका. घरात माणसं किती, खर्च किती झाला आणि हिशोब पूर्ण वर्षाचा आहे का, हेही विचारा.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी प्रश्न उलटा आहे: ऊब टिकवण्याचा नाही, उष्णता बाहेर ठेवण्याचा. २०१८ च्या 'इको निवास संहिते'त भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरावरच्या सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

तुमच्या गल्लीत कुणी सोलर बसवलं असेल, तर कोटेशन मागवण्याआधी त्यांच्याकडे चहाला जा. बारा महिन्यांची बिलं बघा, पॅनल कोण पुसतं ते विचारा, आणि गच्चीखालची खोली एप्रिलच्या दुपारी किती तापते तेही बघून या.