एका वाद्यवृंदाचे नामांतर

मुंबईत १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वृंदाने ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) व ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे गीतसंग्रह काढले. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर. गीते मात्र इंग्रजी. १९९१ पासून उपग्रहवाहिन्या घरोघर येऊ लागल्या आणि श्राव्य गीत दृश्यही झाले. ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रगीतास १९९३ साली एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले.

परभाषेत गाणारा तो नकलाकार, असा आक्षेप अशा वृंदांवर नेहमी घेतला जातो. नामांतराने तो मिटला काय? ‘सिंधु’चे इराणी रूप ‘हिंदु’, त्यावरून ग्रीक ‘इंडोस’ व लॅटिन ‘इंडस’. म्हणजे स्वदेशाची खूण म्हणून घेतलेले नावही परमुखातून फिरून आलेले! तथापि त्यावरून वृंदास उपरा ठरविणे आम्हांस युक्त वाटत नाही. ‘हिंदु’ हा शब्द तरी इराणी मुखातूनच परतला ना? अक्कलकोटच्या पेठेत मराठी वाक्यात कन्नड शब्द सहज येतो; त्याचे कूळ कोणी पुसत नाही.

१९९५ च्या ‘इंडस क्रीड’ या संग्रहातही गीतांची भाषा इंग्रजीच राहिली.