गच्चीवरील हॉटेलच्या एक्झॉस्ट पंख्यासाठी स्वस्त बिजागरी आणि मुद्रा कर्ज

भिलाईत तुमचे छोटे हॉटेल असेल आणि भटारखान्याचा धूर गच्चीवर बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यातून बाहेर जात असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

बिजागरी का हवी?
तेलाची वाफ डक्टमध्ये आणि पात्यांवर चिकट थर धरते. शेगडीची ज्वाळा तिथे पोहोचली तर हा थर पेटतो. पंखा बोल्टने पक्का बसवलेला असेल तर सफाईसाठी तो उचलावा लागतो, वायर ताणली जाते आणि सफाई लांबणीवर पडते. बिजागरीमुळे तो पेटीच्या झाकणासारखा उघडतो.

कशी बनवून घ्यावी?
1. लोहाराकडे बिजागरी 'कब्जा' या नावाने मागा. दाराची पातळ बिजागरी चालणार नाही.
2. लोखंडी पाइपचे तुकडे आणि आरपार जाणारी सळई एवढ्यातही ती बनते. सळई निसटू नये म्हणून टोकाला पिन लावा.
3. दोन्ही बिजागऱ्या एकाच बाजूला, एका रेषेत असाव्यात. समोरच्या बाजूला बोल्ट ठेवा, म्हणजे वाऱ्याने पंखा उघडणार नाही.
4. उघडलेला पंखा उलटू नये म्हणून मजबूत साखळी लावा.
5. लवचिक वायरला पुरेसा ढील ठेवा.

वेल्डिंग शक्यतो लोहाराच्या दुकानातच करून घ्या. तेलकट डक्टजवळ ठिणगी पडल्यास आग लागू शकते. पंखा उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.

पैसे कुठून?
प्रधानमंत्री मुद्रा योजना 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झाली. 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. हे अनुदान नाही, परतफेड करावी लागते. फक्त बिजागरीसाठी कर्ज काढू नका. भटारखान्याच्या सामानासाठी अर्ज करणार असाल तर चिमणी, डक्ट, पंखा आणि बिजागरी एकाच कोटेशनमध्ये लिहून घ्या. ओळखपत्र, पत्त्याचा व व्यवसायाचा पुरावा आणि कोटेशन घेऊन बँकेत जा. मुद्रा कर्जासाठी एजंट नेमलेले नाहीत. मध्यस्थाला पैसे देऊ नका.

तुम्ही लोहारकाम करत असाल तर
17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत लोहारकाम आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात होते.

लक्षात ठेवा: पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नका. गॅस बंद करा, सर्वांना बाहेर काढा आणि 112 वर फोन करा.