भोपाळची ती रात्र आणि पुढची चाळीस वर्षं

१९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत पांढुर्णा-सौंसरची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि आपली राजधानी भोपाळ झाली. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार नागपूरचा आणि अर्ज भोपाळला, असा आपला संसार तेव्हापासून सुरू आहे. तरीही १९८४ च्या वायुकांडाकडे आपण दुसऱ्याच्या घरच्या दुःखासारखं पाहत आलो. ते आपलंही आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना बनवत होता ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी ते वापरलं जाई. म्हणजे आपल्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या मुलखासाठीच ते औषध होतं. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा अतिविषारी पदार्थ १९८० पासून तिथेच तयार होऊ लागला. १९८१ मध्ये विषारी वायूने एका कामगाराचा जीव गेला. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून धोक्याचे इशारे छापले. कोणी मनावर घेतलं नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत सुमारे ४० टन रसायन होतं. ते तापलं, उकळलं आणि वायू होऊन बाहेर पडलं. टाकी थंड ठेवणारं यंत्र काही महिन्यांपासून बंद होतं. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. हवेपेक्षा जड असलेला तो वायू जमिनीलगत पसरत जयप्रकाश नगर, काजी कॅम्प, चोळा या गरीब वस्त्यांतून रेल्वे स्टेशनकडे गेला. लोक धावत सुटले. जितकं धावले तितका श्वास वाढला आणि तितकंच विष आत गेलं. तोंडावर ओला कपडा धरा, एवढं सांगणारंही कोणी नव्हतं. त्याच रात्री स्टेशनवर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरच्या हुकमाची वाट न पाहता उभी असलेली गाडी पुढे काढली आणि शेकडो प्रवासी वाचवले. स्वतः मात्र त्या वायूचा त्रास ते पुढे जन्मभर सोसत राहिले.

शासनाच्या नोंदीत मृतांचा आकडा पुढे पाच हजारांवर गेला. बाधितांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक आहे. संघटनांचा आकडा याहून पुष्कळ मोठा. पण आकड्यांवरच्या वादात एक गोष्ट मागे पडते. जे वाचले, त्यांचं आजारपण संपलं नाही. फुप्फुसं निकामी झाली, डोळे गेले, त्या वेळी गरोदर असलेल्या अनेक बायकांचे गर्भ पडले. हातगाडी ओढणारा, हमाली करणारा माणूस दम लागतो म्हणून घरी बसला की अख्खं घर बसतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुरू केलेला अभ्यास १९९४ मध्ये थांबला. खरं तर पुढच्या पिढीकडे पाहण्याची वेळ तेव्हाच आली होती.

दुसरी जखम जमिनीला झाली. कारखान्याची घाण वर्षानुवर्षं आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकली जात होती. ती झिरपत विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात उतरली. आजूबाजूच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं. आपल्या शेजारच्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०१० च्या अहवालात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज दिला.

दीड वर्षाच्या आतच, २६ एप्रिल १९८६ ला, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारचं प्रिप्यात शहर दीड दिवसात रिकामं झालं, पुढे भोवतालचा ३० किलोमीटरचा पट्टा बंद झाला. तिथे पसरलेल्या सिझियमचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षं लागतात. तिथेही लोकांची फसवणूक झाली, मुलांना थायरॉइडचे कर्करोग झाले. पण त्या मातीवर पुन्हा वस्ती होऊ दिली नाही. भोपाळमध्ये मात्र माणसं भिंतीला लागूनच राहिली, मुलं त्याच आवारात खेळली. कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

न्यायाचा हिशेबही पाहावा. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला अटक झाले, त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि खटल्याला कधी आले नाहीत. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. जास्त भरपाईची केंद्राची याचिका २०२३ मध्ये फेटाळली गेली. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला गेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. कचरा जळाला, पण राख उरली आणि भोपाळची माती तिथेच आहे.

आम्ही सरकारी नोकर आहोत. कागदाचा वेग आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, विषाचा वेग कागदापेक्षा फार जास्त असतो. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, तो भोपाळनंतर. कायदा माणसं गेल्यावर आला, हे विसरून चालणार नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरजवळ बोरगावला कारखाने आहेत, आणखी येतील, यावेत. पोरांना काम हवंच आहे. पण कोणतं रसायन साठवलं आहे, सांडपाणी कुठे जातं, भोंगा वाजला तर कोणत्या बाजूला जायचं, हे ग्रामसभेत विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे. आणि संत्र्याच्या बागेत, कपाशीत फवारणी करणाऱ्या मजुरालाही तोंड झाकायला कापड आणि हातमोजे मिळालेच पाहिजेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. यवतमाळ आपल्यापासून दूर नाही.

विघ्नहर्त्याला आपण दरवर्षी विघ्न टळू दे म्हणतो. यंदा तेवढ्यासोबत, विघ्न दिसत असताना बोलण्याची हिंमतही दे, एवढं त्याच्या चरणी मागू या.

गणपती बाप्पा मोरया!